फ्रेंचचं सासर

आक्कानं तांदळाचं ताट पलंगाखाली सरकवलं आणि वर मांडी घालून बसली.

"आता लिवा नाव, कुठं लिवायचं ते," ती म्हणाली.

बाहेर मांडवात सगळी भावकी बसलेली. नवरा-नवरीनं माप ओलांडलं होतं, लक्ष्मीपूजन झालं होतं. आता संग्रामनं ताटातल्या तांदळात अंगठीनं नवरीचं नवीन नाव लिहायचं, ते बाहेर मोठ्यानं सांगायचं आणि मग पेढे वाटायचे, एवढंच राहिलं होतं. पेढ्यांचे खोके माजघरात एकावर एक रचलेले होते आणि दारातून दिसत होते, त्यामुळे भावकी काही उठत नव्हती.

"अहो, नाव काय ठेवलं?" बाहेरून कुणीतरी विचारलं.

"ठेवून राह्यलो!" मी आतून ओरडलो.

आमच्याकडे नवरीचं नाव आत्या सांगते. ती नवऱ्याच्या कानात सांगते, मग तो लिहितो. संग्रामची आत्या म्हणजे आक्का, माझी थोरली बहीण. आमची आई मी लहान असताना गेली. मला आक्कानंच वाढवलं. तिचे मालक वारल्यावर ती मसूरहून आमच्याकडे रहिमतपूरला राहायला आली, त्यालाही तोवर तीस-एक वर्षं झाली होती. आक्कानं नाव ठरवून ठेवलं होतं. हौसा. आमच्या आईचं.

नवरीला हे नाव बदलण्याचं त्याच दिवशी दुपारी कळलं होतं. नवरी फ्रान्सची. नाव सोलेन. आमचा संग्राम तिकडे नोकरीला, तिथं त्यांचं जमलं. आक्कानं महिनाभर आधी फोनवर विचारलं होतं, "नाव बदलायचं न्हवं तिचं?" तेव्हा संग्राम म्हणाला, "बघू." सोलेननं कधीतरी विचारलं असेल, तुमच्यात नाव बदलावं लागतं का, तेव्हाही तो तिला म्हणाला असणार, "बघू." दोघींनीही त्याचा आपापल्या सोयीचा अर्थ घेतला.

आता सोलेन हिरव्या शालूत, मुंडावळ्या बांधून, पलंगासमोर उभी होती आणि मान हलवत होती. तिला मराठीतले तीन शब्द येत होते, आणि त्यातला एक 'नको' होता.

"नको," ती म्हणाली.

"मग ऱ्हाऊ द्या," आक्का म्हणाली. "माझी पिशवी आना. सहाची मसूर गाडी हाय."

आक्काची पिशवी सकाळपासून तिसऱ्यांदा दाराशी गेली होती. पहिल्यांदा मांडवाच्या रंगावरून, दुसऱ्यांदा हळदीला सोलेनच्या बापानं बूट काढले नाहीत म्हणून. त्या दोन्ही वेळी वेणूनं, म्हणजे माझ्या बायकोनं, पिशवी परत आत आणून ठेवली. या वेळी तिनं हात लावला नाही. आक्काच्या आवाजावरून तिला कळलं होतं की ही या वेळी खरंच जाईल, आणि एकदा गेली तर परत येणार नाही.

"आक्का," मी म्हणालो, "कायले रागावून राह्यली? आजच्या दिवशी?"

"तू गप बस, सर्जा."

मी गप बसलो. या घरात मला कुणीही गप बसवू शकत होतं.

नाव बदलण्याचा आक्काचा हा काही पहिला प्रयत्न नव्हता. माझी वीज मंडळातली पहिली बदली राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, परतवाड्याला होती, तिकडचीच वेणू. लग्न करून आणली तेव्हा आक्कानं तिचं नाव शैलजा ठेवलं. मी अंगठीनं ते तांदळात लिहिलंसुद्धा. पण 'शैलजा' म्हणून हाक मारली की वेणू मागं वळून बघायची, कोण आलं म्हणून. पाटावर चहा ठेवून आक्का "शैलजा, शैलजा" करत राहायची आणि चहावर साय यायची. वेणू मुद्दाम करायची की खरंच ध्यानात राहत नव्हतं, हे मी तिला शेवटपर्यंत विचारलं नाही. आक्कानं मग नाद सोडला. शैलजा फडतरे रेशनकार्डावर राहिली.

सोलेनचा बाप एतिएन हा कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसला होता. शाळेत फ्रेंच शिकवून रिटायर झालेला माणूस. सकाळी त्याला कुणीतरी फेटा बांधला होता. सुटला तर परत बांधता येणार नाही म्हणून तो मान अजिबात हलवत नव्हता, बघायचं झालं तर सगळाच्या सगळा वळायचा. त्याची बायको काही वर्षांपूर्वी वारली होती. मला त्याचं तेव्हा एवढंच दिसलं होतं की त्याच्या शर्टाचं वरचं बटण तुटलेलं आहे आणि लेकीच्या लग्नातही ते कुणी लावलेलं नाही.

वेणूनं त्याच्याकडे बघितलं, मग आक्काकडे.

"आक्का," ती म्हणाली, "इवाईबुवाले विचारून पाहा ना. त्यायच्यात नाव बदलते का नाही बदलत. मोठा माणूस आहे, मास्तर आहे."

आक्काला मोठ्या माणसांना विचारायला आवडायचं. "संग्राम, इचार त्यास्नी," ती म्हणाली.

संग्रामनं विचारलं. एतिएन सगळाच्या सगळा आक्काकडे वळला आणि बरंच बोलला.

"ते म्हणतात," संग्राम म्हणाला, "नावाचं काय सांगू, आमच्या भाषेचंच नाव दुसऱ्याचं आहे."

"भाषेचं?"

"फ्रेंचचं. फ्रेंच ही मुळात लॅटिनची पोर. रोमन लोक तिकडे राज्य करायला आले, त्यांची बोली तिथं रुजली, तिचीच पुढं फ्रेंच झाली. पण नाव पडलं ते फ्रँक नावाच्या लोकांवरून. ते वेगळेच. ऱ्हाइन नदीपलीकडचे. त्यांची भाषा जर्मनच्या जवळची."

आक्कानं थोडा विचार केला.

"म्हंजी लगीन झालं," ती म्हणाली.

"कुणाचं?"

"त्या भाषेचं. म्हायेर एक, नाव दुसऱ्याचं. लगीन झाल्याबिगर असं कसं हुईल?"

संग्रामनं हे एतिएनला सांगितलं. एतिएननं आधी भुवया वर केल्या, मग हसला आणि म्हणाला की असं म्हणायला हरकत नाही.

झालं. आक्का पलंगावर पुढं सरकली. आयुष्यात तिनं कितीतरी सोयरिकी जमवल्या होत्या आणि त्याहून जास्त मोडल्या होत्या.

"पोरीकडचं लोक कोन म्हनला? रोमन? खाऊनपिऊन सुखी हुतं?"

"हो. रस्ते, पूल, मोठमोठे वाडे, सगळं होतं."

"आन् पोरगं? फ्रँक?"

"टोळ्या होत्या त्यांच्या. लढवय्ये."

"शिकल्यालं हुतं का?"

एतिएननं फेटा सांभाळत नाही म्हटलं.

"मग काय हुतं त्याच्याकडं?"

"ते म्हणतात, भाला. फ्रँक हे नावसुद्धा एका भाल्यावरून पडलं असं काही लोक म्हणतात. काही म्हणतात फ्रँक म्हणजे शूर. नक्की कुणालाच माहीत नाही."

"भाला," आक्का म्हणाली. तिनं पदर सारखा केला. "बरं हाय. शिक्षान नसलं तरी चालतंय. नदीच्या कुठल्या अंगाचं म्हनला?"

"पलीकडच्या. उत्तरेकडून आले."

"जमीनजुमला?"

"आधी नव्हता. मग सगळा देशच घेतला. म्हणून देशाचं नाव फ्रान्स, आणि देशावरून भाषेचं नाव फ्रेंच."

"बघा!" आक्कानं पलंगावर थाप मारली. खाली ताटातले तांदूळ सांडल्याचा आवाज झाला. "एवढी रोमनाची पोर, वाड्यातली, पन सासरचं नाव घेतलंच का न्हाई? आन् ही एवढुशी पोर नको म्हनतीया!"

सोलेनला यातलं संग्रामनं काय सांगितलं ते त्यालाच माहीत, पण ती तिच्या बापावर भडकली. दोघांची फ्रेंचमध्ये जुंपली. भांडण कुठल्याही भाषेतलं कळतं. ती म्हणत असणार, तुम्ही कुणाच्या बाजूचे? एतिएननं बोट वर केलं.

"ते म्हणतात," संग्राम म्हणाला, "गोष्ट अजून संपलेली नाही."

"बाहेरून विचारून राह्यले नाव," मी म्हणालो.

"गप," आक्का, वेणू आणि संग्राम एकदमच म्हणाले.

एतिएन सावकाश सांगत होता, शाळेत सांगत असेल तसं, आणि संग्राम वाक्यामागून वाक्य मराठीत आणत होता. फ्रँक आले, त्यांनी राज्य घेतलं, आपलं नाव देशाला दिलं. पण राहायला लागले ते तिथंच, त्या लोकांत. बाजार त्या भाषेत, पूजा-प्रार्थना त्या भाषेत, घरातल्या बायका त्या भाषेत. पहिल्या राजांना आपली मूळ बोली येत होती. त्यांच्या नातवंडा-पतवंडांपर्यंत ती पातळ होत गेली. काहीशे वर्षांत तिकडचे फ्रँक आपली भाषा पार विसरले आणि बायकोच्या माहेरची बोलायला लागले. नाव फ्रँकांचं, पण बोलणं सगळं रोमनांच्या पोरीचं.

आक्कानं गालावर बोट टेकवलं.

"म्हंजी," ती म्हणाली, "घरजावई झाला त्यो?"

संग्रामनं विचारलं. एतिएनला घरजावई म्हणजे काय ते समजावून सांगायला वेळ लागला. मग त्यानं मान हलवली, फेटा आहे हे विसरून.

आक्काचा चेहरा उतरला. आधी मला वाटलं ती हरली म्हणून चिडली. पण तिनं संग्रामकडे बघितलं. संग्राम सोलेनच्या गावी, एतिएनच्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहणार होता. ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, पण तोवर कुणी त्याला घरजावई म्हटलं नव्हतं.

"मंग आमच्या पोराचं बी तेच होऊन राह्यलं ना!" आक्का एकदम ओरडली. "थो बी तिकडंच जाऊन बसला! उद्या त्याचे लेकरं त्यायचीच भाषा बोलतीन! आमचं काय उरन मंग? आँ? मायच्या नावाचं एक तरी माणूस तिकडं राहीन म्हनून म्या हे ताट धरून बसली, तं तुमाले वाटून राह्यलं म्हातारीले खाज आहे! कायले राहू मी इथं? कायले?"

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. सोलेनला शब्द कळले नाहीत, पण तीसुद्धा एक पाऊल पुढं आली.

वेणूनं तोंडाला पदर लावला. मला वाटलं तीही रडते आहे. पण तिचे खांदे वेगळेच हलत होते.

"आक्का," वेणू म्हणाली, "आता काय बोलल्या तुमी?"

"काय बोलली? खरं तेच बोलली!"

"ते नाही. कोन्या गावचं बोलल्या?"

आक्का थांबली. तिनं मनात आपलंच बोलणं परत ऐकलं असावं, कारण तिचे ओठ हलले. 'होऊन राह्यलं', 'कायले', 'त्यायची'. मसूरची सून, रहिमतपूरच्या फडतऱ्यांची लेक, उभ्या जन्मात सातारा जिल्हा सोडून गेलेली नाही. आणि रागाच्या भरात तोंडातून सगळा परतवाडा बाहेर पडला होता.

"आन् हे पाहा," वेणू माझ्याकडं बोट करून म्हणाली. "बाहेर ओरडले तं काय म्हनून? 'ठेवून राह्यलो.' मोठे फडतरे!"

मला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. परतवाड्याहून इकडं बदली झाल्यावर वीज मंडळात सुरुवातीला लोक हसायचे, पण मला वाटायचं माझ्या चेहऱ्याला हसतात.

"ह्या घरात दुसरं काय कानावर पडतंया?" आक्का डोळे पुसत, एकेक शब्द नीट जुळवत म्हणाली. "दिसभर हिचाच रेडिओ चालू. मानसानं काय करायचं?"

"तेच ना," वेणू म्हणाली. "मले शैलजा केलं. फडतरे केलं. म्या काही म्हटलं का? ठेवा म्हटलं नाव, काय ठेवाचं ते."

"मंग आमचं काय ऱ्हायलं गं ह्या घरात?"

वेणूनं विचार केला. "दोन शब्द," ती म्हणाली. "एक 'खर्डा'. एक 'गप'."

आक्का आधी फस्सकन हसली आणि मग तिला आवरेना. वेणूही हसत सुटली. दोघी पलंगावर एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या आणि खाली तांदूळ सांडत होते. एतिएननं संग्रामचा हात धरला, काय झालं म्हणून. संग्रामनं सांगितलं. तो इतका हसला की फेटा सुटून गळ्यात आला, आणि सुटला तो सुटलाच. मग तो बोटांवर मोजत काहीतरी सांगायला लागला.

"ते म्हणतात, फ्रँकांचंही अगदी सगळं गेलं नाही. काही शब्द फ्रेंचमध्ये अजून आहेत."

"कोंचं?" आक्कानं विचारलं.

"बाग. निळा रंग. लढाई. आणि आरामखुर्ची."

"लढाई आन् खुर्ची?" आक्का म्हणाली. "मराठंच की रं हे."

मग ती थोडी शांत झाली आणि एतिएनकडे बघत राहिली. फेट्याशिवाय तो लहान दिसत होता. तिनं त्याचं तुटलेलं बटण बघितलं असणार, कारण तिची नजर तिथं थांबली.

"हिचं सोलेन हे नाव कुनी ठेवलं, इचार."

संग्रामनं विचारलं. एतिएन लेकीकडे वळला. एकच शब्द बोलला.

"आईनं," संग्राम म्हणाला.

"ती न्हाई न्हवं आता?"

"नाही."

आक्का खाली उतरली. वाकली, पलंगाखालून ताट ओढलं, सांडलेले तांदूळ दोन्ही हातांनी गोळा करून परत ताटात सारखे केले. संग्रामला खुणेनं जवळ बोलावलं आणि त्याच्या कानात नाव सांगितलं. तो तिच्याकडे बघतच राहिला. "लिव की," ती म्हणाली, "का त्येबी इसरलास?"

त्यानं अंगठीनं लिहिलं. सोलेनला देवनागरी वाचता येत नव्हती. ती बापाकडे बघायला लागली, बाप माझ्याकडे, आणि मी वेणूकडे. वेणूनं सोलेनचं बोट धरलं आणि एकेका अक्षरावरून फिरवलं. "सो," ती म्हणाली. "ले. न."

आक्का स्वतः बाहेर गेली. "नाव ठेवलं!" तिनं मांडवात जाहीर केलं. "सोलेन! सोलेन संग्राम फडतरे!"

"आवं, हेच तर पत्रिकेत हुतं की!" कुणीतरी म्हणालं.

"पत्रिकेत हुतं ते तिचं. आता हे म्या ठेवल्यालं हाय," आक्का म्हणाली. "पेढं खा."

आत येऊन तिनं सोलेनला समोर बसवलं. "नाव तुझ्या आईचं ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "आडनाव आमचं. पन एक शब्द आमचा तिकडं गेला पायजे. घरात रोज वापरायचा. कोंचा घेशील?"

संग्राम म्हणाला खर्डा द्या, पण तिकडे हिरव्या मिरच्या नीट मिळत नाहीत. वेणू म्हणाली तिच्याकडचं 'हो', म्हणजे 'हाव' द्या. आक्कानं तिला गप केलं आणि त्यातच तिचं ठरलं.

"गप," ती सोलेनला म्हणाली. "ह्याच्याबिगर घर चालत न्हाई. म्हन."

"गप," सोलेन म्हणाली.

"जोरात. नवऱ्याकडं बघून."

"गप!"

"झ्याक," आक्का म्हणाली, आणि पिशवी उचलून स्वतःच आत नेली.

आक्काला जाऊन आता बरीच वर्षं झाली. वेणू मागच्या भाद्रपदात गेली. ही गोष्ट तिनं सांगायला पाहिजे होती. ती आक्काचं बोलणं आक्कासारखं करायची आणि एतिएनचंसुद्धा करायची, फ्रेंच येत नसून.

दर रविवारी संध्याकाळी फ्रान्सहून व्हिडिओ कॉल येतो. संग्रामची मुलगी मराठीत बोलत नाही. फ्रेंचमध्येच सगळं, भराभर. फक्त तिची आई मध्ये बोलली की ती म्हणते, "गप!" अगदी आक्कासारखं, मान तिरकी करून. आक्काला तिनं कधी बघितलेलं नाही.

मग एतिएन फोन घेतो. तो त्याच्या भाषेत बोलतो, मी माझ्या. मध्ये सांगायला कुणी नसतं, आणि लागतही नाही. परवा त्यानं शर्टाच्या वरच्या काजाला हात लावला आणि माझ्या शर्टाकडं बोट दाखवलं. माझंही तिथलं बटण नाही. बरेच दिवसांपासून नाही. मी म्हणालो, "राहू द्या बाप्पा, कोण पाह्यते."

गेल्या आठवड्यात नेट बंद पडलं. रविवारच्या आधी दुरुस्त व्हायला पाहिजे म्हणून मी फोन करकरून माणूस बोलावला. तो वायर तपासत होता आणि मी शिडी धरून त्याला सांगत होतो, तो वरचा डबा पाहा, इथून काही दिसून नाही राह्यलं. मंडळात होतो म्हणून सवय आहे. तो काम थांबवून खाली बघायला लागला.

"काका, तुमी आमच्याकडचे काय?" तो म्हणाला. "मी दर्यापूरचा. इकडं येऊन दोन वर्षं झाले, असं बोलणं आयकलंच नाही कोणाचं."

"हाव," मी म्हणालो. "परतवाडा."

त्याला फार आनंद झाला. जाताना दारात थांबून त्यानं पाटी वाचली.

"फडतरे?" तो म्हणाला. "आपल्याकडं तं असं नाव नसते, काका."

"बरोबर आहे," मी म्हणालो. "नाव तेवढं माहं आहे."